एका स्टेशनासाठी गाडी

कुठलंही यंत्र दिसलं की काका आधी त्यावर तळहात टेकवायचे. लिफ्टची भिंत असो, आमचा फ्रिज असो, नाहीतर सिंगापुरात आमच्या तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमधल्या खाण्याच्या स्टॉलवरचं उसाच्या रसाचं मशीन असो. डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि मग निकाल द्यायचे, "बरं चाललंय," किंवा "हिचं काहीतरी दुखतंय." रसवाला पहिल्यांदा घाबरला होता. नंतर काका दिसले की तो स्वतःच बाजूला सरकायचा.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. चारचौघांत बोलायची वेळ आली की हे गप्प, पण पंप, पंखे, इंजिनं यांच्याशी मात्र जन्माची ओळख. काकांनी अर्धं आयुष्य जहाजांच्या इंजिन रूममध्ये काढलं होतं. मी त्यांना ओळखायला लागले तेव्हा ते हार्बरफ्रंटच्या एका शिपिंग कंपनीत टेबलाशी बसून दूरच्या जहाजांच्या इंजिनांची काळजी करत होते. मूळचे सांगलीचे, साठीला टेकलेले. आमच्याच मजल्यावर दोन दारं सोडून ते आणि काकू राहायचे. दोघंच, मूलबाळ नव्हतं.

"मशीन खोटं बोलत नाही," हे त्यांचं पालुपद. मी विमा कंपनीत क्लेम्सच्या विभागात काम करते, दिवसभर लोकांच्या अर्ध्यामुर्ध्या खऱ्या गोष्टी वाचते. मी म्हणायचे, काका, मशीन खरं बोलत असेल, पण त्याची सही कुठे घेणार? ते हसायचे. मला ते नावाने कधी हाक मारायचे नाहीत, 'क्लेमवाली' म्हणायचे.

काकूंच्या किडन्या गेल्या आणि आठवड्यातून तीनदा नोव्हेनाला डायलिसिस सुरू झालं. तोआ पायोह ते नोव्हेना एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं, एकच स्टेशन. जाताना काही वाटायचं नाही. येताना मात्र काकूंचं बीपी खाली आलेलं असायचं, पाय लटपटायचे आणि अंगात थंडी भरायची. सिंगापूरच्या भर उन्हात ही बाई शाल गुंडाळून चालायची. दुपारी टॅक्सी मिळता मिळायची नाही. एकदा त्या प्लॅटफॉर्मवरच खाली बसल्या. भोवती जमलेल्या लोकांनी पाण्याची बाटली पुढे केली, तर तेही नको म्हणावं लागलं, कारण डॉक्टरांनी पाणी मोजून दिलेलं. त्या संध्याकाळी काका आमच्या दारात आले आणि म्हणाले, "गाडी घेतोय."

आम्ही सगळे हसलो, खोटं कशाला सांगू. इथे गाडी घेणं म्हणजे चेष्टा नाही. गाडीच्या आधी ती ठेवायचा परवाना लिलावात मिळवावा लागतो, आणि तोच गाडीइतका महाग. पुढच्या वर्षी नोकरी सोडून सांगलीला जायचं काकांचं ठरलं होतं, ते त्यांनी गुंडाळून ठेवलं. माझी मुलगी तोंडावर म्हणाली, "अंकल, वन स्टॉप ओन्ली लाह!" काका तिला म्हणाले, हो गं, एकच आहे, पण काकूला ते फार लांब पडतं.

गाडी आली. कोरी, पांढरी, छोटी. परवाना मिळाला तो नेमका पितृपक्षाच्या तोंडावर. काकू म्हणाल्या, पितृपक्षात नवी वस्तू दारात नको, दसऱ्याला आणू. इंजिनाला काय कळतंय पितृपक्ष, असं काका पुटपुटले, पण काकूंचा शब्द त्यांनी कधी मोडला नव्हता. मग विक्रेत्याशी ठरलं की गाडी दसऱ्यापर्यंत त्यांच्याच आवारात उभी राहील, कागदपत्रं मात्र आत्ताच उरकून टाकू. 'गाडी ताब्यात मिळाली' अशा फॉर्मवर काकांनी सही केली आणि बसने घरी आले. दसऱ्याला काकूंनी गाडीला ओवाळलं, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, आम्ही सगळ्यांनी पेढे खाल्ले. त्या फॉर्मची आठवणसुद्धा कुणाला नव्हती.

होळीच्या सुमारास एका सिग्नलला गाडी बंद पडली. ऊन असावं, रहदारी तुंबलेली असावी आणि एसी चालू असावा, हे तिन्ही जमलं की इंजिन एकदा थरथरायचं आणि गप्प व्हायचं. मग दहा-पंधरा मिनिटं काही केल्या सुरू व्हायचं नाही. मागे गाड्यांची रांग, आत डायलिसिसहून आलेली काकू, आणि बाहेर बॉनेटवर हात ठेवून उभे काका. त्यांना हाताने समजलं होतं. एसीचा भार आला की इंजिनला इंधन कमी पडतंय, म्हणाले, मुळातलाच दोष आहे.

वर्कशॉपवाल्यांनी गाडीला कॉम्प्युटर लावला. काही सापडलं नाही. दुसऱ्यांदा लावला, एक सुटा भाग बदलला, गाडी परत दिली आणि ती तिसऱ्या दिवशी पुन्हा थांबली. असं चार वेळा झालं. दर वेळी तिथला माणूस अतिशय नम्रपणे सांगायचा की अंकल, आम्ही तासभर एसी लावून चालवली, आम्हाला दोष दिसला नाही. काकांसारखा माणूस, पण घरी येऊन त्यांनी चपला भिरकावलेल्या मी पाहिल्या.

इथे मी पदर खोचून उभी राहिले. माझा स्वभावच तो. अन्याय दिसला की मला फाइल उघडावीशी वाटते. मी काकांना सांगितलं की इथे आता यासाठी कायदा आहे, लोक त्याला लेमन लॉ म्हणतात. नव्या वस्तूत दोष निघाला तर विकणाऱ्याने ती दुरुस्त करायची नाहीतर बदलून द्यायची, आणि तेही जमलं नाही तर परत घ्यायची. ताबा मिळाल्यापासून सहा महिन्यांत दोष दिसला तर तो पहिल्यापासूनच होता असं धरतात. नव्हता, हे विकणाऱ्याने दाखवायचं. काकांचा चेहरा उजळला. गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा दसऱ्यापासून साडेपाच महिनेच झाले होते.

आणि मग मी तो फॉर्म पाहिला. त्यावर पितृपक्षाच्या आधीची तारीख होती. गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा त्या तारखेपासून सहा महिने उलटून नऊ दिवस झाले होते. विक्रेत्याने तेच धरून ठेवलं. सही तुमचीच ना, म्हणाला. आता दोष मुळातला आहे हे काकांनी सिद्ध करायचं होतं. काकू ओशाळल्या. माझ्यामुळे झालं हे, असं त्या माझ्याजवळ दोनदा म्हणाल्या. काकांनी मात्र त्यांना एका शब्दाने बोल लावला नाही.

पुरावा गोळा करायचा सल्ला माझा. हे मी ठळक सांगते, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. मी म्हटलं, काका, डॅशबोर्डवर फोन लावा, काटे नीट दिसतील असा, आणि नोव्हेनाहून निघालात की रेकॉर्डिंग सुरू करा. गाडी बंद पडताना दिसली पाहिजे. काका जहाजावर तासातासाची नोंद ठेवणारे, त्यांना हे काम मनापासून पटलं. दर दोन-चार दिवसांनी माझ्याकडे क्लिप यायची. मी ती ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत बघायचे. टेबलाला टेबल लागलेलं, म्हणून आवाज बंद करून. इंजिनाच्या वेगाचा काटा खाली पडताना स्पष्ट दिसतो का, एवढंच बघायचं, नंबर टाकायचा आणि फाइलमध्ये ठेवायचं. तेवीस क्लिप जमल्या. चौदा नंबरची सगळ्यात चांगली होती.

ऑगस्टमध्ये काकूंना जंतुसंसर्ग झाला. आठवडाभर दवाखान्यात होत्या आणि तिथेच गेल्या. गाडीचा त्यात काही दोष नव्हता, हे डॉक्टरांनी सांगितलं, मीही सांगते. काका रडले नाहीत. दिवसकार्य झालं, त्यांनी काकूंची औषधं एका पिशवीत भरून दवाखान्यात परत दिली, आणि माझ्याकडे येऊन म्हणाले, ती फाइल बंद कर, आता कुणाला न्यायचंय नोव्हेनाला?

मी ऐकलं नाही. तडजोडीची तारीख लागली होती. ग्राहकांच्या तक्रारी मिटवणाऱ्या एका संस्थेत दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवणार होते. मी म्हटलं, काका, काकूंसाठी तरी लढा. काय बोलून गेले मी. त्यांनी मान हलवली आणि इस्त्रीचा शर्ट घालून माझ्याबरोबर आले.

छोटी खोली होती. मध्ये टेबल, समोर विक्रेत्याचे दोघं, आणि मधोमध एक चिनी बाई, शांत, चष्मा लावलेली. तीच तडजोड घडवणार होती. विक्रेत्याच्या माणसाचं म्हणणं एवढंच की काटा पडताना दिसतोय, पण एसी चालू होता कशावरून? तो क्लिपमध्ये दिसत नाही. बंद असेल तर तक्रारीत सांगितलेला दोष हा नव्हेच. फोन काट्यांकडे वळवायला मीच सांगितलं होतं. एसीचं बटण चौकटीच्या बाहेर राहिलं होतं.

त्या बाईने चौदा नंबरची क्लिप पुन्हा लावायला सांगितली, आवाज वाढवून.

आणि खोलीत काकू बोलल्या. "अहो, एसी बंद करा ना. फार थंडी वाजतेय."

मग काकांचा आवाज. "दोन मिनिटं थांब. रेकॉर्ड होऊ दे."

"शालीतही वाजतेय हो."

"आत्ता बंद पडेल बघ. थांब जरा."

काका टेबलावरच्या फोनकडे बघत होते. त्या बाईने विचारलं, ही स्त्री काय म्हणतेय? मी तोंड उघडणार होते, काहीतरी दुसरंच सांगणार होते. काकांनीच उत्तर दिलं, इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून. "ती मला एसी बंद करायला सांगतेय."

"म्हणजे एसी चालू होता?"

"हो. चालू होता."

बाईने ते लिहून घेतलं. विक्रेत्याची माणसं एकमेकांकडे बघू लागली, बाहेर जाऊन कुणाला तरी फोन करून आली. अर्ध्या तासात मान्य झालं की गाडी ते परत घेतील. आम्ही जिंकलो होतो. माझ्या नोकरीत मी असे शंभर कागद पाहिले असतील, एका वाक्यावर फिरलेले. इतकं लाजिरवाणं मला कधीच वाटलं नव्हतं.

घरी परतताना एमआरटीत काका उभेच राहिले, जागा असून. नोव्हेना स्टेशन आलं, दारं उघडली, मिटली. तेव्हा ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बंद केला नाही गं मी. एकदाही केला नाही." मला त्यांचा हात धरायचा होता, पण धरवला नाही. सल्ला माझा होता आणि आवाज मी बंद ठेवला होता, हे त्यांना सांगायचं धाडसही त्या दिवशी झालं नाही.

गाडी त्यांनी पुढच्याच आठवड्यात नेऊन दिली. फोनमधल्या सगळ्या क्लिप पुसून टाकल्याचं त्यांनीच मला सांगितलं. वर्ष संपायच्या आत नोकरी सोडली, फ्लॅट विकला आणि सांगलीला भावाकडे गेले. दोन दारांपलीकडे आता एक मलय कुटुंब राहतं. सणावाराला मी मेसेज करायचे, ते नमस्कारापुरतं उत्तर द्यायचे.

गेल्या वर्षी लॅपटॉप बदलताना ती फाइल पुन्हा समोर आली. रविवारची दुपार होती, घरात कुणी नव्हतं. मी तेवीसच्या तेवीस क्लिप आवाज लावून ऐकल्या. थंडीची तक्रार तीन-चार ठिकाणीच आहे. बाकी काकू आपल्या बोलतायत. वांगी महाग झाली म्हणतायत, नर्सची नक्कल करतायत, काकांना लेन बदलायला सांगतायत. आणि जवळजवळ प्रत्येक क्लिपच्या शेवटी, इंजिन गप्प झाल्यावर, काका चिडून काहीतरी पुटपुटतात आणि त्या हसतात. एकोणीस नंबरमध्ये तर अगदी स्पष्ट ऐकू येतं. "बरं झालं बाई बंद पडली. आता जरा ऊब येईल. आणि तुम्हीही जरा निवांत बसाल शेजारी."

मी खूप वेळ विचार केला. पाठवावी की नाही, नवऱ्यालाही विचारलं, तो म्हणाला तुझं तू ठरव. शेवटी एकोणीस नंबरची क्लिप काकांना पाठवली आणि खाली लिहिलं की काका, ही मी तेव्हा आवाज बंद करून पाहिली होती, मला माफ करा.

दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी मी ऑफिसला निघाले होते तेव्हा उत्तर आलं. त्यात माफीबद्दल काही नव्हतं. "अजून आहेत का गं?" एवढंच विचारलं होतं.

मी तिथेच बिल्डिंगखालच्या बाकावर बसले आणि उरलेल्या सगळ्या पाठवल्या. चौदा नंबरचीसुद्धा.