काठ राहिलेली टोपली

बाय गेल्याचा निरोप डहाणूला मी शिकवतो त्या शाळेत आला, तेव्हा माझ्या तोंडून पहिलं काय निघावं? "वाळुंज कापायची राहिली." निरोप आणणारा शेजारी माझ्याकडे बघतच राहिला...

बाय माझी थोरली बहीण. महाराष्ट्र राज्य झालं त्या वर्षी भावजी गेले, आणि वरोर गावच्या तिच्या घरामागे ओहोळाकाठी तिनेच लावलेली वाळुंजीची झुडपं तिचा आधार झाली. थंडीत पानं झडली की ती झुडपं बुडाशी छाटायची, त्या छड्यांच्या मासळीच्या टोपल्या विणायची. बुंध्यातून पुन्हा सरळ, लवचीक छड्या फुटत. एखादी थंडी चुकली तर त्या जाड होतात, वळवायला गेलं की मोडतात. न्हाणीभोवती तर तिने ओल्या छड्याच रोवून एकमेकींत गुंतवल्या होत्या. त्या कुडाला पालवी फुटली तेव्हा कोळणी हसल्या, "बाय, तुझी न्हाणी वाढते गो! पुढल्या साली माडी चढव!" बाय म्हणाली, "चढवते. आधी टोपली उचल, मासळीपेक्षा तुझी बडबडच जड झालीय तिच्यात!"

गेल्या थंडीत तिने अंथरूण धरलं. दारामागे एक टोपली विणून होत आली होती, नुसता काठ बांधायचा होता. दर रविवारी मी गेलो की विचारायची, "कापलीस का रे?" मी म्हणायचो, "कापतो." कोयता घेऊन ओहोळावर जायचोही. पण ते काम तिचं. मी कापली म्हणजे ती आता उठणार नाही हे मीच कबूल केलं, असं वाटायचं... तसाच परत यायचो. शेवटच्या रविवारी म्हणालो, "कापली, बाय."

"मग एक चांगली बघून आण. काठ बांधून टाकते."

तिला उठून बसवतही नव्हतं. मी "आणतो" म्हणून बाहेर पडलो आणि सरळ एसटी धरली. हे मी घरातसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.

आता वाळुंज पानांनी भरलीय. परवा एक छडी तोडून काठाला वळवून पाहिली, मधोमध मोडली. शेजारीण म्हणाली, "दादा, ती टोपली अशीच द्या ना, सुकट ठेवीन." दिली नाही. दारामागे ती तशीच आहे, उभ्या छड्यांची टोकं वर काढून. कोयत्याला धार लावून ठेवलीय. थंडी येईल, कापीनही. पण कापली म्हणून सांगू कुणाला?