विहिरीवरच्या भावांचं पुढे काय झालं

मी पुस्तकांच्या बाबतीत जरा खडूसच आहे. पानाचा कोपरा दुमडलेला दिसला की माझं डोकं फिरतं, आणि शेवट आधी सांगून टाकणाऱ्याला तर मी दारातसुद्धा उभं करत नाही. अंबरनाथला माहेरी होते तेव्हापासूनचं हे वेड. लग्न होऊन बदलापूर गावात आले तेव्हा सासूबाई शेजारणीला म्हणाल्या होत्या, "पोर चांगली हाय, फक्त पुस्तक हातात आलं का बहिरी होते." खोटं नव्हतंच ते. पुढे बदलापुरातच कात्रपला फ्लॅट घेतला, तेव्हा सामानाआधी माझी पुस्तकं टेम्पोत चढली.

आमचे हे मात्र पुस्तकाला हात लावायचे नाहीत. उल्हासनगरात लेथ मशीनच्या एका छोट्या कारखान्यात कामाला होते. "अक्षरं बघितली का मला झोप येते," म्हणायचे. पण गोष्टीची हाव म्हणाल तर विचारू नका! मी दुपारी वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डब्याच्या पोळ्या लाटता लाटता वाचलेलं सगळं त्यांना सांगायचे. हे ओट्याला टेकून चहा पीत ऐकायचे. ऐकायचे कसले, भांडायचे.

"ती त्याच्याशी लगीन करतेच कशाला? डोळे फुटले का तिचे?"

"अहो, मी नाही लिहिलेलं."

"मग लिहिणाऱ्याला सांग, अक्कल नाय तुला."

एकदा एका पुस्तकात पोरांनी म्हातारीला घराबाहेर काढलं, तर हे दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. मीच काढलं होतं ना तिला! डोक्याला ताप नुसता. पण खरं सांगते, त्या भांडणाशिवाय वाचलेलं माझ्या अंगी लागायचं नाही. आदलं सांगून झाल्याशिवाय पुढचं पान उलटायचं नाही, हा आमचा नियम होता आणि मी तो कधी मोडला नाही.

शेवटची कादंबरी वाचनालयातून आणलेली, चांगली जाडजूड. दोन सख्खे भाऊ आणि मध्ये एक विहीर. थोरल्याने धाकट्याचं पाणी तोडलं, धाकटा बायकोपोरं घेऊन गाव सोडून गेला. यांना स्वतःला भाऊ नाही, तरी त्या दोघांसाठी जीव नुसता खालीवर. "थोरला वाईट नाय गं, हेकट हाय. बोलावतो बघ धाकट्याला." थोरल्याच्या मुलीचं लग्न ठरलं, आता धाकट्याला पत्रिका जाते की नाही, इथपर्यंत मी सकाळी सांगितलं. त्या संध्याकाळी हे कामावरून आले, हातपाय धुतले आणि छातीत कळ आली. रिक्षा नाक्यावर पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

दिवसकार्य झालं, पाहुणे गेले. जो तो सांगे, तू वाच, मन रमेल. रमतंय कसलं! पुस्तक उघडायचे आणि मिटून ठेवायचे. पुढचं पान उलटलं तर मी पुढे जाईन आणि हे त्या लग्नाच्या गोष्टीपाशीच राहतील, असं वाटायचं. वेडेपणा आहे, कळतं मला. दुसरं पुस्तकही हातात धरवेना. आयुष्यात पहिल्यांदा असं झालं, की घरात पुस्तकं होती आणि मी नुसती भिंतीकडे बघत बसायचे.

मग एका शुक्रवारी, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी, यांच्या शेजारच्या मशीनवर काम करणारे एक सिंधी गृहस्थ आले. यांच्याच वयाचे. यांचा चष्मा, एक शर्ट आणि पाण्याचा पेला तिथे राहिला होता, ते सगळं घेऊन आले होते. चहा झाला तरी उठेनात. चुळबुळ करत म्हणाले, "भाभी, बुरा मत मानना. वो कुएँ का क्या हुआ?"

मी मनात म्हटलं, मला न सांगता यांनी कुठे जमीनबिमीन घेऊन ठेवली की काय! आमच्याकडे जमिनीच्या भानगडी घरोघरी.

"कौनसा कुआँ?"

"अरे, वो दो भाई का. बड़े ने शादी का कार्ड भेजा कि नहीं?"

मग त्यांनीच उलगडून सांगितलं. दुपारी डबे उघडले की हे रोज गोष्ट सांगायचे म्हणे. चार-पाच जण ऐकायला. माझी मराठी पुस्तकं यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत, इतकी वर्षं! आणि मला एका शब्दाने बोलले नाहीत. मी त्या गृहस्थांना म्हटलं, यांनी तुम्हाला सांगितली तशी सुरुवातीपासून सांगा. यांच्या गोष्टीत ते गाव आमच्या इथल्या बारवी धरणाच्या बाजूचं झालं होतं, आणि थोरला भाऊ दर वाक्याआधी कारखान्याच्या शेठसारखा खाकरायचा. पुस्तकात असं काही नाही हो, हे माझ्या ओठांवर आलं होतं. पण मी ऐकत राहिले. इतक्या दिवसांनी यांचं बोलणं घरात ऐकू येत होतं, दुसऱ्याच्या तोंडून का होईना.

निघताना ते म्हणाले, "आप पढ़ के बताओ ना, भाभी. हमको मराठी पढ़ना आता नहीं. अभी डब्बा खाते टाइम सब चुप बैठते हैं." मग जरा थांबून, "भाईसाब ने तो गॅरंटी दी थी, बड़ा बुलाएगा करके."

आता आली का पंचाईत! चार दिवस मी टाळलं. पण पाचव्या दिवशी दुसरं काही सुचेना, शेवटी बसले आणि एका दुपारीत पुस्तक संपवलं. थोरल्याने पत्रिकेवर धाकट्याचं नाव घातलं, ती पत्रिका खिशात ठेवून तो लग्नभर हिंडला, पण पाठवली नाही. मी चिडले. यांनी तर छातीठोक सांगून ठेवलं होतं. खोटं सांगितलं असतं तरी त्यांना कुठे कळणार होतं? पण पुस्तकातलं खोटं मी यांनासुद्धा कधी सांगितलं नव्हतं, त्या म्हातारीच्या वेळी शेवट बदलून सांग म्हणून यांनी हात जोडले होते तरी. मन मानेना.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत फोन केला. त्यांनी स्पीकर लावला. डब्यांची झाकणं वाजली आणि थांबली. माझी हिंदी यांच्याहून भयंकर, पण सांगत गेले. "नहीं बुलाया उसने," म्हटलं आणि सवयीने थांबले. आता कोणीतरी उसळणार, लिहिणाऱ्याचा उद्धार करणार, माझ्यावर डाफरणार.

झाकणं पुन्हा वाजायला लागली. मग ते गृहस्थ हळूच म्हणाले, "ठीक है भाभी. किताब में है, तो है." बाकीचेही म्हणाले, हाँ, ठीक है. माझे आभार मानले आणि फोन ठेवला.

ठीक कसलं? काय ठीक आहे त्यात? पत्रिका खिशात घेऊन हिंडतो आणि पाठवत नाही, म्हणजे काय माणूस आहे की कोण? मी ओट्यापाशी उभी राहून मोठमोठ्याने भांडायला लागले. थोरल्याशी, लिहिणाऱ्याशी, यांच्याशी. शेजारीण धावत आली तरी माझं भांडण थांबेना. यांना नेलं त्या दिवशीसुद्धा मी रडले नव्हते. तेव्हा रडले.