आण्णांच्या दहाव्याला रोझा आजी गायली

आधी नाव सांगतो, मग काय झालं ते. रोझा आजी. पोर्तुगालच्या दक्षिणेला एका लहान गावात तिच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहतो. आण्णा, म्हणजे माझे वडील गेले, त्या आठवड्यात मला बसवून जेवायला घातलं ते तिनं.

मी जामखेड तालुक्यातला. आठवीत शाळा सोडली, चार सीझन आण्णांबरोबर ऊसतोडीला गेलो. आता इथं पॉलिहाऊसमध्ये रास्पबेरी तोडतो. लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. पुढं सांगतोय असल्या गोष्टी मी कधीच मानल्या नाहीत. आण्णा तर देवऋष्याला दारात उभं करायचे नाहीत...

आण्णा गेले तेव्हा माझं इथलं रेसिडेन्स कार्ड अडकलेलं. निघालो असतो तर परत येता आलं नसतं. नाही गेलो. रडूही आलं नाही. बोटं आपोआप फळं तोडत होती, एवढंच आठवतं.

दहावा रविवारी होता. तिकडे दुपारचे बारा वाजत आलेले, इकडे सकाळचे साडेसहा. धाकट्या भावानं, बाळूनं, व्हिडिओ कॉल लावला. नदीकाठी पिंड मांडलेले, माणसं लांब सरकून बसलेली. बाभळीवर पाच-सहा कावळे. पण एकही खाली येईना... दीड तास.

बहिणीचं लग्न राहिलेलं, म्हणून चुलत्यांनी हात जोडले. "आण्णा, पोरीचं लगीन मी करतो. आता तरी घे."

मागून कुणीतरी बोललं, "मुकादमाला कदी जुमानला न्हाई गडी, तुजं काय ऐकतोय!"

चार जण हसले.

"थोरल्यात जीव अडकलाय," आणखी कुणीतरी म्हणालं. बाळूनं फोन पिंडाकडे धरला. "तू बोल की दादा."

"आण्णा, मी येतो," मी म्हणालो. कधी, ते मलाच माहीत नव्हतं. कावळा हलला नाही.

गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. आई म्हणाली, "न्हाई. खरा शिवल्याबिगर मी हितनं उठनार न्हाई." दहा दिवस ती धड जेवली नव्हती. आता मला तिचीच भीती वाटायला लागली.

तेवढ्यात रोझा आजी कॉफी घेऊन आली. तिनं स्क्रीनकडे बघितलं. काय समजली कुणास ठाऊक... शेजारी बसली आणि हळू आवाजात गायला लागली.

ते गाणं कुणाचं ते तिनं मागे मला सांगितलं होतं, मोबाईलवर भाषांतर करून. याच गावचा एक गायक. हुकूमशाहीच्या काळात कापणीच्या मजुरांसाठी गाणी करायचा. तुरुंगात गेला, सुटला, पुन्हा बांधावर उभा राहून गायला. आजी तेव्हा पोरगी, हातात विळा, त्याच्यामागे सूर धरायची. गाण्यात मजूर मुकादमाला सांगतात — शेवटचा माणूस आपली ओळ संपवून येत नाही तोवर आम्ही रान सोडणार नाही. त्यावर बंदी होती, रेकॉर्ड कधी निघालीच नाही. तो वारला तेव्हा गावानं प्रार्थनेऐवजी हेच म्हटलं.

दुसरं कडवं चालू होतं आणि एक कावळा उतरला. शिवला.

तिकडे गलका झाला. आई मात्र फोनजवळ आली.

"ही बाई कोन रं? हिला ह्यांचं गानं कसं येतंय?"

"कुणाचं?"

"तुज्या आण्णांचं. मोळ्या बांधताना रोज हेच की. शब्द न्हाईत, नुसती चाल."

आजी थांबली होती. पुढची ओळ आईनं गुणगुणून दाखवली — आजीनं अजून म्हटलीच नव्हती ती. आजीचा चेहरा पांढरा पडला. मग तिनं आईच्या चालीवर शब्द म्हटले. बरोबर बसले.

चार सीझन मी आण्णांच्या मागे होतो. ही चाल त्यांच्या तोंडून एकदाही ऐकली नाही. बाळूनंही नाही. आण्णा गाव सोडून गेले ते साखर कारखान्यापुरते. कुठून आली? मला अजून सांगता येत नाही. रडूही अजून आलेलं नाही. आई मात्र त्या दिवशी जेवली.

कार्ड आलं की आधी आईला भेटेन. पण परत येईन. रोझा आजीचा मुलगा फ्रान्सला असतो, तीन वर्षांत फिरकला नाही. तिच्या वेळेला तो पोचला नाही, तर खांदा द्यायला मी असेन.