उसनी लकब

दाखला देण्यात येतो की, श्री. कमळाकर सिताराम घरत, वय वर्षे अंदाजे ३४, राहणार मौजे शिरवणे, तालुका व जिल्हा ठाणे, हे या गावचे कायमचे रहिवासी असून त्यांची भातजमीन नवीन शहराच्या कामी संपादन झालेली आहे. वर्ण सावळा, बांधा मध्यम, डाव्या भुवईवर जुनी खूण. व्यवसाय कारखान्यात टाइमकीपर. व्यसन नाही. सदर इसमाची वर्तणूक चांगली असून त्याच्यापासून गावातील कोणाही व्यक्तीस उपद्रव झाल्याचे आढळून आलेले नाही. सबब दाखला दिला असे.

हा दाखला पोलीस पाटील बाजीराव यांनी १९७९ साली सहीशिक्क्यानिशी दिला. त्यात दोन चुका आहेत. पहिली, व्यसनाची. कमळाकरला नाटके लिहायचे व्यसन होते. दुसरी, उपद्रवाची. ती बाजीरावांच्या ध्यानात आली नाही, कारण त्या प्रकरणात त्यांचा स्वतःचा फायदाच झाला होता.

कमळाकर आणि मी एकाच कारखान्यात होतो. तो गेटवर हजेरी घ्यायचा, मी कामगार कल्याण विभागात बसायचो. माझ्या ताब्यात चार कपाटे पुस्तके होती, म्हणून एकांकिका स्पर्धेला परीक्षक म्हणून दर वर्षी मलाच बसवत. १९७३ साली कमळाकरची एकांकिका आली. तिच्यात एक शेतकरी, त्याची बायको, एक पुढारी आणि एक वेडा होता. चौघेही टाइमकीपरसारखे बोलत. शेतकरी म्हणे, "आपण वेळेवर उपस्थित राहावे." वेडा म्हणे, "उशिराचे कारण सांगावे." मी शेऱ्यात लिहिले: पात्रांना स्वतंत्र व्यक्तिमत्त्व नाही. नावे झाकली तर कोण बोलतो ते कळत नाही.

वाक्य मला बरे जमले असे वाटले होते.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कमळाकर कपाटापाशी येऊन उभा राहिला. त्याने खरोखरच हातरुमालाने नावे झाकून सगळी संहिता वाचली होती.

"साहेब, बरोबर हाय तुमचं. मलाच कळंना कोन बोलतोय ते," तो म्हणाला. "मग व्यक्तिमत्त्व आनायचं कुठनं?"

"आजूबाजूला बघा," मी म्हणालो. "प्रत्येक माणसाची एक लकब असते. कुणाची बोलण्याची, कुणाची बसण्याची. ती उचला आणि पात्राला द्या."

'उचला' हा शब्द माझा. कमळाकरने तो जसाच्या तसा घेतला. हजेरी घेणाऱ्या माणसाला सूचना देताना शब्द जपून वापरावेत, हे मला तेव्हा कुणी सांगितले नव्हते.

त्याने एक वही केली. हजेरीपत्रकासारखेच रकाने: नाव, लकब, कोणत्या पात्रास दिली. रोज सकाळी गेटवर दीडशे माणसे त्याच्यासमोरून जात आणि संध्याकाळी गावात तेवढीच भेटत. कुणी वाक्याच्या शेवटी "समजला ना" म्हणे, कुणी खोटे बोलण्याआधी कान खाजवी. बाजीराव पाटील रागावले की आधी चष्मा काढून पुसत आणि मग ओरडत. कमळाकरने ही लकब गावच्या जत्रेसाठी लिहायला घेतलेल्या नाटकातल्या खलनायकाला द्यायचे ठरवले. पण पोलीस पाटील म्हटल्यावर आधी विचारलेले बरे, म्हणून तो त्यांच्या घरी गेला. बाजीराव खूश झाले. "चष्मा माझाच ने," म्हणाले. "दुसरा चष्मा नको, मजा नाय येनार."

जाईबाईला विचारायचे त्याला सुचले नाही. त्यात दुष्टपणा नव्हता. विहिरीला जसे कुणी विचारत नाही, तसे जाईबाईला कुणी काही विचारत नसे.

जाईबाई शिरवण्याची धवलारीन. आगऱ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी धवलारीन लागते. मांडव उभा राहण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला ती धवले गाते. देवांना बोलावते, घरच्या गेलेल्या माणसांना नावाने बोलावते, आणि ती गायल्याशिवाय हळदीला कुणी हात लावत नाही. जाईबाईला अक्षर येत नव्हते. दोन दिवस आणि दोन रात्री पुरतील एवढी गाणी तिला तोंडपाठ होती. साठी उलटली होती, एकटी राहायची, आणि लग्नसराईत तिला घरी चूल पेटवायची वेळ येत नसे.

गाता गाता ती मध्येच थांबे. मांडीवर डाव्या हाताने दोनदा थोपटे, स्वतःलाच म्हणे, "थांब गो जाय, थांब," आणि दोन ओळी मागे जाऊन पुन्हा गाणे धरी. तीस-पस्तीस वर्षे असेच चालले होते. गावाला ते दिसत नव्हते, कारण ते नेहमी तिथेच होते. दिसले ते कमळाकरला. त्याने वहीत लिहिले आणि पुढच्या रकान्यात 'सोनूआत्या' असे भरले.

सोनूआत्या ही नाटकातली कजाग सासू. भांडता भांडता विसरायची की भांडण कशावरून सुरू झाले. मग मांडी थोपटून म्हणायची, "थांब गो सोनू, थांब," आणि पहिल्या शिवीपासून पुन्हा सुरुवात. नाव बदलले होते. नाव बदलले की माणूस बदलतो, अशी लेखकांची समजूत असते.

भूमिका केली नामाने. नामा खाडीवर मासे पकडायचा. लुगडे नेसला की मात्र त्याची आईसुद्धा फसे. १९७५च्या चैत्रात गावदेवीच्या जत्रेला प्रयोग झाला. मला पाहुणा म्हणून पुढच्या खुर्चीत बसवले होते. बाजीरावांचा चष्मा पहिल्या अंकात आला आणि टाळी घेऊन गेला. दुसऱ्या अंकात नामाने पहिल्यांदा मांडी थोपटली. मग सगळे मैदान हसू लागले, असे हसू की रंगमंचावरच्या सुनेलाही आवरेना. ती सूनही पुरुषच होती, मिशी नुकतीच काढलेली.

बायकांत पहिल्या ओळीला जाईबाई बसली होती. ती सगळ्यांत जास्त हसली. पदराने डोळे पुसत शेजारणीला म्हणाली, "मेली कोनासारखी करतं गो?" शेजारणीने पदर तोंडात कोंबला. मीही हसत होतो. पात्राला स्वतंत्र व्यक्तिमत्त्व होते.

वैशाखात गावात लग्न निघाले. कमळाकरच्याच भावकीतले, म्हणून तो मांडवात होता, आणि हे सगळे त्याने मला सांगितलेले आहे. जाईबाई हळदीला गायला बसली. चार ओळी झाल्या आणि ती थांबली. हात मांडीवर गेला. तिने तोंड उघडायच्या आत मांडवाच्या कडेने पोरे एका सुरात ओरडली, "थांब गो सोनू, थांब!"

मांडव हसला. मोठी माणसे पोरांवर डाफरली, पण हसत हसत. जाईबाईचा हात तिथेच राहिला. तिने एकदा हाताकडे पाहिले. मग मांडवात उभ्या असलेल्या नामाकडे पाहिले. जत्रेत ती कुणाला हसली होती, ते तिला तेव्हा कळले.

तिने हात मांडीखाली दाबून धरला आणि पुढची ओळ म्हणायचा प्रयत्न केला. ओळ आली नाही. बायकांनी जेमतेम येत होते ते जुळवून कार्य उरकले. पुढच्या लग्नातही तेच. तिसऱ्या लग्नात तिने मुळातच हात पदरात गुंडाळून घेतला होता, तेव्हा पहिले गाणेही पुरे झाले नाही. पुढची ओळ त्या थोपटण्याखालीच ठेवलेली असायची. ते तिला स्वतःलाही माहीत नव्हते, मग आम्हाला कुठून असणार. चौथ्या लग्नाला गुडघे दुखतात म्हणून ती आली नाही, आणि नंतर तिला बोलवायचे बंद झाले.

कमळाकरने जमेल ते केले. नाटकाला आसपासच्या गावांतून बोलावणी येत होती. त्याने संहितेतून ती लकब काढली आणि सोनूआत्याला तपकीर ओढायला लावली. नामाने तपकीर ओढली, दोन शिंका दिल्या, प्रेक्षक गप्प बसले, तशी त्याने मांडी थोपटली.

"नामा, मी ते काटलंय," कमळाकर पडद्यामागे म्हणाला.

"तू काटलंस. लोकांनी नाय काटलं," नामा लुगडे सोडत म्हणाला. "जिवाला लावून नको घेव. म्हातारीला नावाजतोय आपुन."

"तिचं गानं गेलं रे."

"वयानं गेलं. तुज्या नाटकानं जायला तू काय भगत हायस, मंतर मारायला?"

हे उत्तर सोयीचे होते. मी कमळाकरला तेच स्वीकारायचा सल्ला दिला. त्याने माझा तेवढा एकच सल्ला ऐकला नाही.

दोन वर्षे तो टाळत होता. तिचे घर लागू नये म्हणून शाळेला वळसा घालून घरी जायचा. त्याची बायको पुतळा त्याला विचारी की दळण आणायला एवढा उशीर कसा. शेवटी १९७७च्या दिवाळीत तो माफी मागायला निघाला. मी बरोबर गेलो. निम्मा वाटा माझा होता म्हणून नव्हे; त्याने सायकलवर मागे बसा म्हटले म्हणून.

जाईबाई ओटीवर सुकट निवडत होती. कमळाकरने पाया पडून सगळे एका दमात सांगितले. वही, रकाने, सोनूआत्या. साहेबांनी लकबी उचला म्हणून सांगितले होते, हे त्याने सांगितले नाही. मीही सांगितले नाही.

तिने ऐकून घेतले. "च्या घेतस का?" म्हणाली.

"आत्या, माजं चुकलं."

"तुजं कं चुकलं? मी पन हसले ना रं. सगल्यांत जास्ती मीच हसले." तिने सुकटीतला एक खडा काढून अंगणात फेकला. "मना कंदी ठावंच नव्हतं, मी अशी करतंय म्हनून."

कमळाकरने नवी वही आणली होती. तिने एकदा सगळी गाणी सांगावीत, तो लिहून घेईल, आणि मांडवात तो शेजारी बसून पुढची ओळ हळूच सांगेल. योजना चांगली होती. जाईबाई तयार झाली. पहिल्या चार ओळी तिने सांगितल्या. पाचवीला थांबली. हात मांडीकडे गेला आणि अर्ध्यावरून परत सुकटीत आला.

"थोपटा ना आत्या," कमळाकर म्हणाला. "इथं कोनी नाय. मी वर बघनार नाय."

त्याने खरोखर मान खाली घातली. मीही पायरीकडे पाहू लागलो.

"नाय रं," ती म्हणाली. "मी थोपटलं की मनाच वाटतं, मी नामाची नक्कल करतंय."

वहीत चार ओळी राहिल्या. चहा झाला. निघताना तिने दोघांच्या हातावर दोन-दोन करंज्या ठेवल्या. परतीच्या वाटेवर आम्ही त्या खाल्ल्या. चांगल्या होत्या.

पुढच्या वर्षी कमळाकरने स्पर्धेसाठी शेवटची एकांकिका लिहिली. एक कोळी, एक वकील, एक विधवा. तिघेही टाइमकीपरसारखे बोलत होते. विधवा म्हणाली, "उशिराचे कारण नोंदवून घ्यावे." नावे झाकली तर कोण बोलतो ते कळत नव्हते. मी त्या एकांकिकेला पहिला क्रमांक दिला. त्यावर कारखान्यात बराच गवगवा झाला, परीक्षक बदलावा असा अर्जही आला. कमळाकरने बक्षीस घेतले, माझ्याकडे पाहिले नाही, आणि पुन्हा लिहिले नाही. लकबींची वही त्याने बंबात घातली असे पुतळा सांगते.

१९८७च्या मे महिन्यात त्याच्या थोरल्या मुलीचे लग्न निघाले. आता शिरवण्याच्या चारी बाजूंनी इमारती चढल्या होत्या, भाताच्या जागी सोसायट्या होत्या आणि नामा रेतीच्या धंद्यात होता. लग्नाचे पहिले आमंत्रण घेऊन कमळाकर जाईबाईकडे गेला. या खेपेला मी नव्हतो.

"आत्या, पोरीच्या हळदीला तुमीच गायचं. एकच गानं. चार ओळींचं. चार माज्याकडं लिवलेल्या हायत."

"पाचवी कोन सांगल?" तिने विचारले.

ती येईन म्हणाली, गाईन म्हणाली नाही. कमळाकरने ते दोन्ही एकच समजायचे ठरवले आणि मांडवात देव्हाऱ्याशेजारी पाट मांडून ठेवला.

हळदीच्या संध्याकाळी मीही मांडवात होतो. जाईबाई आली. पंचाहत्तरीच्या आसपास, काठी टेकत, नवे लुगडे नेसून. पाटाकडे तिने पाहिले आणि वळून मागे बायकांत सतरंजीवर जाऊन बसली. कमळाकर तिच्यापुढे जाऊन वाकला. काय बोलला ते ऐकू आले नाही. तिने त्याच्या गालावरून हात फिरवला आणि मान हलवली, नाही म्हणून.

तेव्हा नवऱ्या मुलाकडच्यांनी आणलेली कॅसेट लावली. मुलाकडची माणसे जासईची. त्यांच्या गावच्या धवलारणीचे धवले त्यांनी भरून घेतले होते. आवाज चांगला होता. ती कुठेही थांबत नव्हती. जासईच्या घरातली गेलेली माणसे नावाने हळदीला बोलावली जात होती. शिरवण्याची घरत मंडळी आपापल्या आज्यापणज्यांची नावे येतील म्हणून ऐकत होती आणि ती येत नव्हती. जाईबाईचे ओठ हलत होते. दोन्ही हात तिने काठीवर घट्ट धरले होते.

तिसऱ्या गाण्याच्या मध्ये वीज गेली. मांडवात कंदील आणले. पुढची ओळ कोणती, असे कुणीतरी विचारले. दीडशे बायका होत्या. सगळ्यांनी एकमेकींकडे पाहिले, जाईबाईकडे कुणी पाहिले नाही.

वीज पाऊण तासाने आली. तोवर धवल्यांवाचूनच हळद लावून झाली होती.