डावरे राजे

काल उपाहारगृहात समोरच्या टेबलावरच्या चिमुरडीने डाव्या हाताने पुरी तोडली. "उजव्या हाताने खा," आईने दटावलं, आणि मला माझ्या वडिलांची आत्या आठवली. मीही डावरा. घरात सगळे माझ्या हातावर टपून असायचे. ती मात्र वडिलांना म्हणायची, "जेवू दे रे त्याला. सिनेमातले सगळे राजे डावरेच होते."

तिने सिनेमा पाहिला तो लहानपणी, कोल्हापुरात, तंबूत. चित्रं मुकी होती आणि तिच्यासारखी स्वस्त तिकिटाची माणसं पडद्यामागे बसायची. पाणी मारून पडदा भिजवला की चित्र मागूनही दिसायचं, पण आरशातल्यासारखं उलटं. पुढचे लोक पडद्यावरची अक्षरं मोठ्याने वाचायचे, मागचे ऐकायचे, आणि टाळ्या दोन्हीकडून पडायच्या. तलवारी डाव्या हातात, आशीर्वादही डाव्याच हाताचे. आत्याची ही समजूत कुणी दुरुस्त केली नाही, ते फार बरं झालं. इतक्या आनंदाने पाहिलेलं कशाला खोटं ठरवायचं?

मी मिसळीचा चमचा डाव्या हातातच जरा उंच धरला. चिमुरडीने पाहिलं, एखाद्या राजासारखी मान डोलावली, आणि त्याच हाताने दुसरी पुरी उचलली.