भागूबाईने पाहिलेलं व्हिएन्ना

कडावच्या भागूबाईनं मुंबईसुद्धा धड पाहिली नव्हती, पण १९६१ साली ती व्हिएन्नाला जाऊन आली. माथेरानला गुलबाई नावाच्या म्हाताऱ्या पारशीण बाईंच्या बंगल्यात ती चौदा वर्षं कामाला होती. गुलबाईंचा एक डोळा आधीच गेला होता, दुसराही अंधारत चालला. व्हिएन्नात त्यावर ऑपरेशन होतं असं कळलं, तेव्हा त्यांनी भाच्याला, केकीशेठला, साफ सांगितलं, "भागू बरोबर असेल तर जाईन."

भागूचा नवरा सखा माथेरानलाच पाहुण्यांना घोड्यावरून फिरवायचा. तो म्हणाला, "जा गं. बाईंना तुज्याबिगर कोन हाय?"

केकीशेठनं दोघींना इस्पितळात पोचवलं आणि कामासाठी लंडन गाठलं. दहा दिवसांनी येतो म्हणाला. ऑपरेशन झालं, गुलबाईंच्या डोळ्यांवर पट्ट्या चढल्या. तिथली भाषा गुलबाईंना येत होती; पन्नास वर्षांपूर्वी पियानो शिकायला त्या वर्षभर याच शहरात राहिल्या होत्या. भागूला मात्र पाणी मागायचं तरी हाताचा द्रोण करावा लागे.

तिसऱ्या दिवशी गुलबाईंनी वॉर्डातल्या मावशीला गळ घातली, तिच्याकडूनच चिठ्ठीवर पत्ता लिहून घेतला आणि भागूला म्हणाल्या, "मी राहायची ते घर बघून ये. दारावर दगडाची बाई आहे, हातात दिवा घेतलेली. ती अजून आहे का, तेवढं सांग मला."

नऊवारीवर केकीशेठचा जुना कोट चढवून भागू त्या मावशीबरोबर ट्राममध्ये बसली. रस्ता असा स्वच्छ की भात सांडला तर वेचून खावा. इमारतींचे सज्जे दगडी पुरुषांनी खांद्यावर पेललेले. त्यांच्या वाकलेल्या माना बघून तिला आपल्या गावचे भारे वाहणारे बाप्ये आठवले. एका म्हातारीनं तिच्या लुगड्याचा काठ चिमटीत धरून कौतुकानं मान डोलावली. दुसरी मात्र तिच्या शेजारून उठून लांब जाऊन बसली. बागेत एका पायाचा एक माणूस एकटाच पाव खात होता. इतकी माणसं, पण कुणी कुणाशी बोलेना. गाव देखणं होतं, पण तिथं तिचा जीव रमेना.

मावशी एका कोपऱ्यावर थांबली. चिठ्ठी बघितली, पुन्हा बघितली. दोन उंच घरांच्या मधे नुसती मोकळी जागा होती. तिथं मोटारी उभ्या होत्या. मावशीनं आभाळाकडे बोट केलं, मग दोन्ही हात खाली आणून एकदम फाकवले. लढाईतला बाँब, एवढं भागूला समजलं. मग मावशीनं स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि कमरेइतक्या उंचीवर तळवा धरून दोन बोटं दाखवली. तिची दोन पोरं. भागूनं मावशीचा हात धरला.

परतल्यावर गुलबाईंनी चाहूल घेतली. "भागू? आहे का ती?"

मावशी दाराशीच उभी होती. तिला विचारलं तर ती खरं सांगून टाकेल, म्हणून भागू घाईनं बोलली, "हाय बाई."

"दिवा?"

"हाय. हातात दिवा हाय."

गुलबाई हसल्या आणि उशीवर टेकल्या. त्यांनी मावशीला काही विचारलंच नाही.

नवव्या दिवशी डॉक्टरनं पट्टी सोडली. त्यानं दिवा इकडून तिकडे नेला, पुन्हा नेला, आणि त्याचे खांदे पडले. भागूला ते गुलबाईंच्या आधी कळलं. गुलबाई विचारत होत्या, "खिडकी उघडली नाही का कुणी?" खिडकी तर सताड उघडी होती.

माथेरानला आल्यावर दर मोसमात पाहुणे यायचे. गुलबाई सांगायच्या, "डोळे गेले, पण माझं घर उभं आहे. भागू, सांग नी यांना." भागू सांगायची. कुणी पाहुणा खिडक्या विचारी, कुणी रंग विचारी. तिला तेही सांगावं लागे.

सखाला तिनं सारं खरं सांगितलं होतं. तो म्हणाला, "आता काय करशील? येक डाव बोललीस, आता निभाव."

चार वर्षांनी गुलबाई अंथरुणाला खिळल्या. त्या घरात आता जे राहतात त्यांना पत्र लिहायची त्यांनी इच्छा धरली. केकीशेठनं त्या सांगतील तसं लिहिलं, आणि भागूनंच ते टपालात टाकलं. पेटीशी ती बराच वेळ उभी राहिली. पण बाईंचं पत्र फाडायला तिचा हात धजेना.

दोन महिन्यांनी तेच पाकीट परत आलं, वर परक्या भाषेतला शिक्का. ते हातात घेऊन भागू व्हरांड्यात उभी राहिली. आतून गुलबाईंनी विचारलं, "टपालवाला आला होता ना? माझं काही?"

भागूनं पाकीट पदराखाली घेतलं.

"काय नाय, बाई."

"उद्या येईल," गुलबाई म्हणाल्या.

रोज त्या विचारत राहिल्या आणि रोज भागू तेच सांगत राहिली. पावसाळ्याच्या तोंडाशी गुलबाई गेल्या, तोवर हे असंच चाललं.