खालच्या गल्लीचं पाणी

“अहो, माकडाच्या हातात कोलीत देताय तुम्ही!”

“माकड कुणाला म्हणतेस? सख्खा भाऊ आहे माझा.”

“म्हणूनच म्हणते. तुम्हाला काय मी ओळखत नाही?”

शेजारणीच्या आणि आमच्या घरात एकच भिंत, तीही एका विटेची. कान लावावे लागले नाहीत, भाजी निवडता निवडता सगळं ऐकू आलं.

तिचा नवरा, आमचे भाऊजी, वस्तीचे चावीवाले. खांद्याला लागेल एवढी लोखंडी चावी घेऊन निघायचे, रस्त्यातलं झाकण उचलायचे, चावी आत घालून फिरवली की त्या गल्लीच्या नळांना पाणी. आधी वरची गल्ली, मग मधली, मग खालची. आईबाप लवकर गेले, म्हणून धाकट्या भावाला त्यांनीच लहानाचं मोठं केलेलं.

त्या वर्षी सरकार कोसळलं आणि पाण्याच्या ऑफिसला कुलूप लागलं. साहेब पळाले, पंप मात्र कसाबसा धडधडत राहिला. पाणी कमी, हंडे जास्त. लोक घरचे पाने-पकडी घेऊन स्वतःच झाकणं उघडायला लागले, एकाचं डोकं फुटलं. तेव्हा भाऊजींनी धाकट्याला आणि त्याच्या रिकामटेकड्या दोस्तांना झाकणांवर राखणीला बसवलं आणि जादा चाव्या त्यांच्या हातात दिल्या. भांडण होतं ते यावरून.

तेव्हा ती पोरं सगळ्यांना देवासारखी वाटली. शिट्टी वाजली की रांग सरळ. म्हाताऱ्यांचे हंडे उचलून घरात ठेवायची. मग त्यांच्या दंडाला काळी पट्टी आली. मग बाहेरून एक गोड बोलणारा माणूस आला, त्याला ती ‘गुरुजी’ म्हणायची. पाणी कमी नाही, पिणारे जास्त आहेत, असं त्यानं त्यांच्या डोक्यात भरवलं. खालच्या गल्लीत लांबून येऊन राहिलेली, वेगळी बोली बोलणारी माणसं होती. बोट तिकडेच गेलं. शिट्ट्या गेल्या, बंदुका आल्या. रांगेत गुमान उभं राहायची सवय आम्हाला लागलेलीच होती.

आता लोक विचारतात, काळ्या पट्टीवाल्यांची एवढी मोठी फौज आली कुठून? आभाळातून नाही पडली बाबांनो. आमच्याच झाकणांवर बसून बाळसं धरलं तिनं.

एका संध्याकाळी धाकटा घरी आला. भिंतीपलीकडे भांडी वाजायची थांबली.

“दादा, उद्यापासून खालची गल्ली बंद. वरून हुकूम आहे.”

“वरून म्हणजे? टाकीवरून?”

“थट्टा नको.”

“अरे, लेकरंबाळं आहेत तिथं.”

“निघून जातील. त्यासाठीच तर.”

“भावजी, आधी दोन घास खा,” शेजारीण दिराला म्हणाली, “मग सोडा काय हुकूम सोडायचे ते.”

तो जेवला नाही. दारातून म्हणाला, “दादा, तू तिथं चावी लावलीस तर मला तुला वाचवता येणार नाही.”

“बरं,” भाऊजी म्हणाले. “जपून जा, पायरी ओली आहे.”

मी रात्रभर जागी. शेजारीणही कड बदलत होती, खाटेची करकर ऐकू येत होती. खालच्या गल्लीचं झाकण नेमकं माझ्या दारासमोर. उजाडलं तेव्हा त्यावर धाकटा उभा, बाजूला दोन बंदूकवाले. वरची गल्ली झाली, मधली झाली. मला वाटलं, आता भाऊजी वळतील घराकडे, वळू देत रे देवा.

त्या सकाळनंतर भाऊजी कुणाला दिसले नाहीत.

त्या सकाळी मात्र ते आले ते सरळ झाकणापाशीच. धाकट्याला म्हणाले, “सरक जरा, चपला भिजतील.” आणि धाकटा सरकला! बंदूकवाले त्याच्याकडे बघतच राहिले. तेवढ्यात चावी फिरलीसुद्धा. भाऊजींनी झाकण लावलं, चावी खांद्यावर टाकली आणि गल्लीत उतरले. ते दोघं बंदूकवाले भानावर येऊन त्यांच्या पाठोपाठ निघाले. धाकटा जागचा हलला नाही, चपलांकडे बघत राहिला.

शेवटच्या नळाशी पाणी पोचलं का, हे विचारल्याशिवाय भाऊजी कधी परतत नसत. गल्ली इतकी चिडीचूप, की मला दारातून ऐकू आलं.

“आलं का पाणी?”

“आलं हो, पण गढूळ आहे!”

“पहिली बादली ओतून द्या. येईल चांगलं. थांबतो मी.”

आणि ते थांबले.